तुझं वर्ष होळीनंतर संपतं

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की तुझा फोनवरचा सूर बदलतो. एरवी तू कालच्या गावातलं पब्लिक कसं होतं, कोणत्या वाक्याला शिट्ट्या पडल्या, प्रॉम्प्टर कुठे अडकला, हे सगळं एका दमात सांगतेस. पण या आठवड्यात एकच पालुपद असतं, "ताई, वर्ष संपलं गं, आणि मी काय केलं?" मला ठाऊक आहे हे कुठून येतं. पुण्या-मुंबईच्या मुली मोबाईलवर वर्षभराची यादी टाकतात. इतके प्रयोग, इतकी बक्षिसं, नव्या वर्षाचे इतके संकल्प. आणि तू ते वाचतेस साकोली-लाखांदूरकडच्या एखाद्या गावात, रंगमंचामागच्या ताडपत्रीच्या आडोशाला, अर्धा चेहरा रंगवून झालेला असताना. बाहेर थंडी, मंडळाची पोरं तिकिटं फाडतायत, दोन तासांनी तुझी एंट्री, आणि पहाटे पुन्हा गाडीत बसून दुसऱ्या गावाला. अशा वेळी वर्षाचा हिशेब मांडायला बसलं तर तो कडूच निघणार.

म्हणून आज तुला नीट बसवून सांगते. ३१ डिसेंबर हा आपल्या वर्षाचा शेवट नाही. तो आपल्या वर्षाचा भर दुपारचा पहर आहे.

झाडीपट्टीचं वर्ष कसं चालतं ते तू लहानपणापासून पाहिलंयस, फक्त त्याला वर्ष म्हणून कधी मोजलं नाहीस. धान कापून होतं, बांध्यांमध्ये पुंजणे उभे राहतात, दिवाळी येते आणि भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरायला लागते. आज या गावची, उद्या त्या गावची, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता येतं. दिवसा दंडार, खडी गंमत, आणि रात्री नाटक. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात, आणि त्याच गर्दीसमोर आपला पडदा उघडतो. तिथून सुरू झालेला हंगाम होळीपर्यंत जातो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांच्या रात्री त्या चार महिन्यांत जागत्या असतात. मग उन्हं तापतात, शामियाने उतरतात, आणि कलावंत आपापल्या घरी जातात. मृग लागला की पऱ्हे, रोवणा, निंदण. पुन्हा कापणी. आपल्या वर्षाचा शेवट होळीनंतर येतो आणि सुरुवात दिवाळीला होते. मधले महिने तयारीचे.

तुला वाटेल ताई मनाची समजूत घालतेय. अगं, आपल्याच घरात किती वर्षं एकाच वेळी चालू असतात ते बघ. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कालनिर्णय, ते जानेवारीला बदलतं. दुकानदार काका दिवाळीच्या पाडव्याला नवी वही पुजतात. बँक आणि सोसायटीचं वर्ष ३१ मार्चला संपतं. आईचं वर्ष गुढीपाडव्याला उभं राहतं. शाळेत जाणाऱ्या तुझ्या लेकीचं जूनमध्ये. एवढ्या सगळ्यांना आपापलं वर्ष निवडता आलं, तर ज्या बाईचं पोट आणि जीव दोन्ही रंगमंचावर आहेत तिलाही आपलं वर्ष निवडता आलं पाहिजे. मोबाईलवर ज्यांची यादी बघून तू खट्टू होतेस त्यांचा हंगाम वेगळा, त्यांची माती वेगळी. त्यांचं त्यांना लखलाभ. तू त्यांच्या कॅलेंडरवर नापास होऊ नकोस.

मग डिसेंबरात काय करायचं? फक्त साठवायचं. तोलायचं नाही, मापायचं नाही, चुकलं-बरोबर ठरवायचं नाही. एक कापडी पिशवी मेकअपच्या पेटीत ठेव. प्रत्येक गावातलं नाटकाचं पत्रक तिच्यात टाकायचं. पत्रकाच्या मागे तारीख, गाव, मंडळाचं नाव, तुझी भूमिका, आणि त्या रात्रीबद्दल एक ओळ. "दुसऱ्या अंकात रडू खरं आलं." "आवाज बसला होता." "म्हातारी आजी भेटायला आली, हात धरून बसली." बस एवढंच. झोप डोळ्यांवर असताना यापेक्षा जास्त लिहवत नाही, आणि जास्त लिहूही नये. लिहायलाही नको वाटलं तर गाडीत बसल्याबसल्या मोबाईलमध्ये बोलून ठेव. पहाटेच्या गाडीत सगळे पेंगत असतात, तुझं कोणी ऐकत नाही.

या पिशवीला फक्त आठवणींची किंमत नाही, कागदाचीही आहे, आणि हे मी तुला जरा दटावून सांगणार आहे. सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालणारी ज्येष्ठ साहित्यिक-कलावंतांची मानधन योजना आहे. वयाची ५० वर्षं पूर्ण केलेल्या कलावंताला त्यात महिन्याला ५,००० रुपये मिळतात. पण अर्ज करताना तुम्ही कला केली याचा पुरावा लागतो. आपल्याकडे आयुष्यभर डफ वाजवलेली, दंडारीत नाचलेली, रात्ररात्र गाणारी माणसं आहेत. गावातलं शेंबडं पोरगंही त्यांना ओळखतं. पण अर्जाला जोडायला त्यांच्याकडे ना फोटो, ना पत्रक, ना वर्तमानपत्राचं कात्रण. पत्रकं चुलीत गेली, फोटो पुरात भिजले, प्रमाणपत्रं कोणी जपलीच नाहीत. तू अजून तिशीत आहेस, तुला पन्नाशी लांब वाटते. मला वाटत नाही. आज टाकलेलं एक पत्रक तुझ्या म्हातारपणी बोलेल. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवच, पण मोबाईल पाण्यात पडतो, म्हणून कागदही ठेव.

आता होळीनंतरचं. हंगाम संपला रे संपला की सगळ्यांची एकच घाई असते. पुढच्या वर्षी काय, कोणाकडे, किती रुपये नाईट. तू त्या घाईत पडू नकोस. आधी झोप. चार महिने जे शरीर रात्री नऊला सजून पहाटे पाचला निजलं, त्याला दिवसाचा उजेड पुन्हा ओळखीचा व्हायला वेळ लागतो. घसा किती ताणला, पाय किती सुजले, चेहऱ्यावर रंगानं काय केलं, हे सगळं पहिल्या दिवसांत कळत नाही. अशा थकव्यात स्वतःबद्दल काढलेला प्रत्येक निष्कर्ष वाईटच असतो. पोरं आईला चिकटू देत, सासूबाईंना दोन दिवस चुलीपासून सुट्टी दे, गरम पाण्यात पाय सोडून बस. पिशवी कपाटातच राहू दे. गुढी उभारून झाली, चैत्राची हवा अंगाला लागली, की एखाद्या दुपारी घर निजलेलं असताना ती पिशवी उघड.

आणि उघडल्यावर आधी मोजू नकोस. किती नाईट झाल्या हा आकडा मॅनेजरच्या वहीत असतोच. तुझ्या कामाचा आकडा तो नाही. पत्रकं जमिनीवर पसर, गावांप्रमाणे नको, तारखांप्रमाणे नको, मन ओढेल तशी. मग बघ कोणत्या रात्रीजवळ हात थांबतो. कोणत्या भूमिकेत तुला वेळेचं भान राहिलं नाही? कुठे तू फक्त वाक्यं टाकून मोकळी झालीस? कोणाबरोबर काम करताना तुझा अभिनय वाढला, आणि कोणाबरोबर तू आखडलीस? कोणतं गाणं तू पैशांसाठी केलंस? त्यात लाज काहीच नाही, पोरीची फी त्याच गाण्यानं भरली. फक्त ते पैशांसाठी होतं एवढं स्वतःशी लिहून ठेव, म्हणजे पुढे त्या कामावर जीव जाळायची गरज पडत नाही.

माझं सांगते. नायिकेच्या भूमिका मिळणं कमी व्हायला लागलं होतं तेव्हा मला कोणी तोंडावर काही बोललं नाही. आपल्याकडे तसं बोलत नाहीत, नुसतं पोस्टरवरचा फोटो लहान होतो. असंच एका चैत्रात पत्रकं पसरून बसले तेव्हा दिसलं की ज्या रात्रींजवळ माझा हात थांबत होता त्या नायिकेच्या नव्हत्याच. दोनदा कुणी आजारी पडलं म्हणून ऐनवेळी मी आईची भूमिका केली होती. त्या दोन पत्रकांच्या मागे मी सगळ्यात जास्त लिहिलं होतं. प्रेक्षकांतल्या बायका कशा रडल्या, माझा आवाज कसा खाली उतरला आणि तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. मग पुढच्या हंगामाआधी मीच जाऊन सांगितलं की मला आईची भूमिका द्या, पण लिहिलेली द्या, नुसती आरतीचं ताट घेऊन उभी राहणारी नको. माझ्याकडून काढून घेण्याआधी मी निवडलं. हे मला डिसेंबरात कधीच सुचलं नसतं. डिसेंबरात मी फक्त पोस्टरवरच्या फोटोचं दुःख करत होते.

पैशाची गोष्ट टाळायची नाही. आपल्याकडे कलावंत बाई पैशाबद्दल बोलली की लोकांना ते फार जड जातं, पण रात्रीचा मोबदला ठरलेला, आणि हंगाम चार महिन्यांचा. उरलेल्या आठ महिन्यांत घर तेवढंच खातं. त्यामुळे चैत्रातल्या त्या बैठकीत एक पान पैशाचं लिहायचं. आले किती, बुडाले किती, उचल किती घेतली आणि फेडली किती. बुडालेल्यांची नावं मनात ठेव, चारचौघांत बोलू नकोस, पण पुढच्या वेळी त्यांच्या बाबतीत उचल आधी, होकार नंतर. एका वर्षी माझ्या बऱ्याच नाईटचे पैसे राहिले ते राहिलेच, आणि मी वर्षभर स्वतःला दोष देत राहिले की मी चोख नव्हते. आज वाटतं, तो दोष माझा नव्हताच. घामाचे पैसे मागणं म्हणजे भांडण नव्हे, एवढं तुझ्या मनात पक्कं असू दे. आणि हो, साहित्याचा खर्चही लिही. साड्या, दागिने, मेकअप, कधी स्वतःच्या खर्चानं केलेला प्रवास. आपण हा खर्च कमाईतून वजा करतच नाही आणि मग हातात काही का राहिलं नाही म्हणून नशिबाला बोल लावतो.

आता पुढच्याचं. बेत कर, पण पेन्सिलीनं कर.

आपले बाबा आठवतात का, धान कापणीला यायच्या आधी, बांधीत ओल असतानाच लाखोरी फेकायचे? उभ्या धानाच्या पायाशी. नांगरणी नाही, वेगळं पाणी नाही, धान निघेपर्यंत लाखोरी रुजून वर आलेली असायची. उगवली तर डाळ, नाही उगवली तर चार मुठी बियाणं गेलं. पुढच्या वर्षाचा बेत असाच असावा असं मला वाटतं. हंगाम सुरू असतानाच, ओल आहे तोवर, एखादं बी टाकून ठेवायचं. नाटकाच्या गाडीत बसून एखाद्या लेखकाशी बोलून ठेवलंस की "दादा, अशी एक बाई आहे माझ्या डोक्यात, लिहाल का?", तर ते बी पडलं. पेटीवाल्या मास्तरांना म्हणालीस की उन्हाळ्यात पंधरा दिवस मला सूर पक्के करून द्या, ते पडलं. खडी गंमतवाल्या शाहिराकडून दोन जुन्या चाली रेकॉर्ड करून घेतल्यास, पडलं. त्यासाठी वेगळा दिवस, वेगळा मुहूर्त, वेगळी वही काही लागत नाही.

ठोस बेत मात्र एकच ठेव. एकच, बरं का. एका हंगामात नवीन भूमिका, नवं गाणं, स्वतःची कंपनी, यूट्यूब चॅनल आणि वजन कमी करणं, एवढं सगळं कोणाच्यानं होत नाही. ज्यांचं होतं असं दिसतं त्यांच्या घरी चूल कोण पेटवतं ते विचार. एक गोष्ट पक्की धर, बाकीच्या "जमलं तर" म्हणून पानाच्या कडेला लिही. आणि कडेला लिहिलेलं जमलं नाही तर त्याची फुली मारायची नाही. तसंच राहू द्यायचं. काही गोष्टी चार-चार वर्षं कडेला बसून राहतात आणि एका वर्षी अचानक पानाच्या मधोमध येतात.

मी एवढी सैल बोलतेय याला कारण आहे. आपल्या डोळ्यांदेखत किती बेत मोडले ते आठव. बैलांच्या शर्यतींचा शंकरपट आठवतो ना? दिवसा पट आणि रात्री नाटक, ही जोडी किती जुनी. पट बघायला बैलगाड्या जोडून आलेले पाहुणे रात्री परत कुठे जाणार, म्हणून नाटक पहाटेपर्यंत चालायचं. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि पट थांबले. किती जण म्हणाले, आता आपलं नाटक संपलं, पट नाही तर पाहुणा नाही, पाहुणा नाही तर तिकीट नाही. नाटक संपलं नाही. मंडईच्या आधारानं, गावच्या मंडळांच्या जिद्दीनं, ते चालतच राहिलं. १६ डिसेंबर २०२१ ला पटाला अटींसह परवानगी मिळाली, आणि २०२३ मध्ये न्यायालयानं पटांना परवानगी देणारा कायदाही मान्य केला. पट परत आले. मधल्या सात-आठ वर्षांत ज्यांनी एकाच खांबावर मांडव घातला होता त्यांची फार ओढाताण झाली. ज्यांनी मंडई धरली, सप्ताह धरले, लग्नातली गाणी धरली, ते टिकून राहिले.

आणि २०२० तर तू स्वतः भोगलंस. मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हंगाम उतरणीला होता, म्हणून पहिल्यांदा आपल्याला त्याचं वजन कळलंच नाही. मग ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगा चढली. वरून मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी आलं, भंडारा शहरात घरांत पाणी शिरलं, नदीकाठची उभी धानं गेली. शेताचा आधार गेला आणि नाटकाचाही. ५ नोव्हेंबरपासून नाट्यगृहांना निम्म्या आसनांवर परवानगी मिळाली, पण आपल्याकडे आसन कुठलं मोजणार? आपलं पब्लिक सतरंजीवर खांद्याला खांदा लावून बसतं. त्या साली आपल्यातलं कोणी मजुरीला गेलं, कोणी भाजी विकली, कोणी घरातच रियाज करत बसलं. त्या वर्षाचा हिशेब "काहीच झालं नाही" असा लिहायचा का? मी तसा लिहिला नाही. तू त्या वर्षी लेकीला जी गाणी शिकवलीस ती आज ती शाळेच्या स्नेहसंमेलनात म्हणते. तेही तुझ्याच पिशवीतलं.

कधी कधी तू म्हणतेस, आपलं काम कोण बघतं? नागपूरच्या पलीकडे आपलं नाव कोणाला माहीत? तर परशुराम खुणे यांच्याकडे बघ. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातला शेतकरी माणूस, झाडीपट्टीतले विनोदी नट. सुमारे ५,००० प्रयोग आणि ८०० भूमिका त्यांच्या नावावर सांगितल्या जातात. २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मी हे तुला "तूही पद्मश्री मिळव" म्हणून सांगत नाही. ५,००० चा आकडा कोणी संकल्प करून गाठत नाही. तो एकेक रात्र, एकेक गाव करत मागे साचत जातो, शेती सांभाळून, घर सांभाळून. त्या आकड्यातल्या कित्येक रात्री साध्या गेल्या असतील, कित्येक रात्री घसा बसला असेल, समोर पब्लिक कमी असेल. त्या रात्रीही त्याच हिशेबात आहेत. तुझ्याही साध्या रात्री टाकून देऊ नकोस.

आपल्या नाटकवाल्यांपुरतंच हे आहे असंही नाही. मोहाडी-आंधळगावकडे कोसा विणणारी माणसं बघ. करवत काठीची साडी मागावर असते तेव्हा त्यांना डिसेंबर की जानेवारी याचं काय. काठाचे ते करवतीसारखे दाते अंगाच्या कोशाशी एकेक धाग्यानं जुळवत न्यायचे, तीन धोटे चालवायचे, घाई केली की काठ बिघडतो. त्यांचं वर्ष साडीसाडीनं पुढे जातं. एक उतरली की मागावर दुसरी. दोन साड्यांच्या मधला जो रिकामा माग असतो, तेव्हाच ते हात चोळत बसतात, ताणा बघतात, पुढचा रंग ठरवतात. त्यांच्यासाठी तोच थांबण्याचा काळ. आपल्याला तो काळ होळी आणि मृगाच्या मध्ये मिळतो, तो आपण रोजंदारी, लग्नं आणि काळजी यांत घालवून टाकतो. त्यातली एक दुपार तरी तुझ्या नावावर राहू दे.

एक मात्र एकटीनं ठरवू नकोस. तुझा बेत घरच्यांच्या डोक्यावर पडणार असतो, त्यामुळे त्यांना आधीच सामील करून घे. चार महिने रात्री बाहेर राहणारी सून, आई, बायको, हे आपल्याकडे अजूनही सगळ्यांना सहज पचत नाही. गावातले लोक नाटक बघून टाळ्या वाजवतात आणि दुसऱ्या दिवशी पारावर त्याच बाईबद्दल कुजबुजतात. तू ते ऐकतेस आणि गप्प राहतेस हे मला ठाऊक आहे. त्यांच्यासाठी बेत बदलू नकोस. पण ज्या सासूबाईंनी तुझ्या लेकीला चार महिने जेवू घातलं, न्हाऊ घातलं, वेणी घातली, त्यांना चैत्रात विचार, "आई, या वर्षी तुम्हाला कुठे जड गेलं?" त्यांचं उत्तर तुझ्या वहीत लिही. एखाद्या महिन्यात लेकीची परीक्षा असेल, नवऱ्याचं कामाचं ठिकाण बदललं असेल, त्यांचे गुडघे दुखत असतील. तर तेवढे दिवस तू आधीच मोकळे ठेवशील. हंगामातल्या सगळ्याच रात्री विकायलाच हव्यात असं कोणी सांगितलं?

आजारपण, बाळंतपण, घरातलं मरण, हे सगळं हंगाम बघून येत नाही. तसं काही आलं आणि एखादा हंगाम पूर्ण सुटला, तर परत येण्याची वाट कुठून असेल ते आधीच माहीत असू दे. प्रॉम्प्टिंग शिकून ठेव. गाण्याला साथ देता येऊ दे. नव्या पोरींना चाल शिकवता येते तुला, ते काम म्हणून मोज. रंगमंचावर उभं न राहताही नाटकात राहता येतं. आपल्याकडच्या कित्येक जुन्या माणसांनी असंच नाटक टिकवलंय.

आता या हंगामात उरलेल्या रात्रींचं मला काही सांगायचं नाही. छान काम कर, घशाला मफलर गुंडाळ, गाडीत ड्रायव्हरला झोप येतेय असं वाटलं तर बिनधास्त गाडी थांबवायला लाव, कोणी चिडलं तरी चालेल. आणि पत्रक पिशवीत टाकायचं विसरू नकोस.

पावसाळा सरत आला की वडसाला नाटक कंपन्यांकडे पुढच्या हंगामाची बोलणी होतील. जाशील तेव्हा चैत्रात लिहिलेलं ते एक पान सोबत ने. बोलणीला बसल्यावर सगळ्यात आधी ज्या तारखांना तू येणार नाहीस त्या सांग. मग कोणती भूमिका हवी ते सांग, आणि कोणती नको तेही. पैशाचं शेवटी बोल, पण उभ्या उभ्या नको, खुर्ची घेऊन बसून बोल, आणि ठरलेलं त्यांच्याकडूनच कागदावर लिहून घे. मला सोबत यायला हवं असेल तर आधी फोन कर. साकोलीहून आपण एकाच बसनं जाऊ.